मेनफ्रेमवर लिनक्स कर्नलचे बिल्ड अडते तेव्हा

बँकेतून पैसे वळते होतात, विम्याचा हप्ता जमा होतो, विमानाचे तिकीट नोंदले जाते. यातल्या पुष्कळ व्यवहारांच्या मुळाशी आजही मेनफ्रेम असतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली. त्याच घराण्यातली आजची यंत्रे ‘आयबीएम झेड’ आणि ‘लिनक्सवन’ या नावांनी विकली जातात. १८ डिसेंबर १९९९ रोजी आयबीएमने लिनक्स २.२.१३ साठीचे आपले पॅच खुले केले आणि मेनफ्रेमवरच्या लिनक्सला रीतसर सुरुवात झाली. रेड हॅट, सुसे आणि उबुंटू ही तिन्ही वितरणे आता या यंत्रासाठी निघतात.

पुण्या-मुंबईतल्या सेवा कंपन्यांत बसून परदेशी बँकांचे मेनफ्रेम सांभाळणारे मराठी अभियंते थोडेथोडके नाहीत. त्यातले काही कोबॉल आणि झेड/ओएसकडून लिनक्सकडे वळलेले असतात, काही साध्या सर्व्हरवरच्या लिनक्सकडून इकडे आलेले. दोघांवरही कधी ना कधी कर्नल किंवा एखादा ड्रायव्हर स्वतः बिल्ड करण्याची वेळ येते. मग बिल्ड अडते, आणि पहिला संशय जातो यंत्रावर. माझे मत वेगळे आहे. इथे दिसणाऱ्या बहुतेक चुका मेनफ्रेमच्या नसतातच. इंटेलचे यंत्र म्हणजेच संगणक, असे मनाशी धरून लिहिलेला कोड इथे उघडा पडतो. एवढे ध्यानात ठेवले, तरी शोध योग्य जागी सुरू होतो.

नावातला ‘एक्स’

चालू यंत्राला ‘यूनेम’ने विचारले तर ते स्वतःचे नाव ‘एस३९०एक्स’ सांगते. कर्नलच्या स्रोतात मात्र डिरेक्टरी आहे ‘आर्च/एस३९०’. दुसऱ्या यंत्रावर बिल्ड करताना ‘आर्च’ या चलात एस३९०एक्स लिहिले, की मेकफाइलच सापडत नाही आणि पहिल्याच ओळीला सगळे थांबते. तिथे एक्स गाळून नुसते एस३९० लिहायचे. कंपायलरच्या नावात मात्र एक्स हवाच.

यामागे इतिहास आहे. पूर्वी एस३९० म्हणजे ३१-बिटचा कर्नल आणि एस३९०एक्स म्हणजे ६४-बिटचा, अशी वाटणी होती. २०१५ साली कर्नल ४.१ मधून ३१-बिटचा कर्नल काढून टाकला गेला, डिरेक्टरीचे नाव तेवढे राहिले. जुन्या पुस्तिका वाचताना हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर आता अस्तित्वात नसलेले पर्याय शोधण्यात वेळ जातो.

आधी टप्पा ओळखा

‘बिल्ड फेल झाले’ या तीन शब्दांतून काहीच कळत नाही. कॉन्फिगरेशन चुकले, कंपायलर थांबला, लिंकर थांबला, मॉड्यूल लोड झाले नाही, कर्नल उठला नाही, की सगळे झाले पण डिव्हाइस दिसत नाही? या सहा वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळ्या जागी सापडते. मदत मागणाऱ्याने टप्पा सांगितला नाही, तर मदत करणाऱ्याचा पहिला तास तो टप्पा शोधण्यातच जातो.

दुसरी सवय म्हणजे शेवटची नव्हे, पहिली एरर वाचणे. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असतात, त्यामुळे खरी चूक शेकडो ओळी वर गेलेली असते आणि पडद्यावर उरतात ते तिचे परिणाम. सगळे आउटपुट फाइलीत घ्या आणि बिल्ड अडले, की ‘मेक’ पुन्हा एकाच धाग्यावर, ‘व्ही=१’ देऊन चालवा. कंपायलरला नेमका कोणता आदेश गेला हे त्यात दिसते. माझ्या पाहण्यातल्या पुष्कळ ‘विचित्र’ चुका इतक्यावरच साध्या निघाल्या आहेत.

तयारीतल्या किरकोळ अडचणी

फ्लेक्स, बायसन, बीसी, ओपनएसएसएल आणि लिबेल्फ यांची डेव्हलपमेंट पॅकेजे नसतील, तर बिल्ड सुरुवातीलाच अडते. एररमध्ये हरवलेल्या फाइलीचे नाव असतेच, पॅकेज बसवले की विषय संपला.

वितरणाच्या कर्नलची कॉन्फिग फाइल ‘बूट’ डिरेक्टरीतून उचलून मूळ कर्नलला लावली, की प्रमाणपत्राची फाइल बनवण्याचा नियम नाही अशी तक्रार येते. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये कॅनॉनिकलच्या प्रमाणपत्राचा मार्ग लिहिलेला असतो आणि ती फाइल मूळ स्रोतात नसते. ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’ हा पर्याय रिकामा केला की पुढे जाता येते.

‘लोकलमॉडकॉन्फिग’बद्दल मात्र सावध करावेसे वाटते. या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूले ठेवून हा आदेश बाकीची गाळतो, त्यामुळे बिल्ड झटपट होते. पण मेनफ्रेमवर टेप ड्राइव्ह किंवा दुसऱ्या मार्गाची फायबर चॅनल डिस्क रोज जोडलेली नसते. आज जोडलेली नाही म्हणून तिचा ड्रायव्हर गाळला जातो आणि बॅकअप परत आणण्याच्या दिवशी ते ध्यानात येते. ‘आर्च/एस३९०/कॉन्फिग्ज’मधल्या डीफकॉन्फिगपासून सुरुवात करणे जास्त बरे.

मेमरी अपुरी पडते

मेनफ्रेम म्हटले की अफाट मेमरी डोळ्यांसमोर येते. ती यंत्रात असते, तुमच्या वाट्याला आलेल्या गेस्टमध्ये असेलच असे नाही. झेड/व्हीएम या हायपरव्हायजरखाली एकाच यंत्रावर शेकडो लिनक्स चालवायचे असतात, म्हणून प्रशासक प्रत्येकाला बेताची मेमरी देतो आणि त्याचे बरोबरच असते. कंपायलरने स्वतःचीच अंतर्गत चूक सांगितली आणि सोबत ‘किल्ड’ हा शब्द दिसला, तर कंपायलर निर्दोष आहे. कर्नलने मेमरीअभावी त्याला मारले आहे, आणि ‘डीमेसेज’मध्ये तशी नोंद सापडते.

सगळ्यांत जड जाते ती शेवटची पायरी. डीबग माहिती आणि बीटीएफ हे पर्याय चालू असतील, तर पूर्ण व्हीएमलिनक्स फाइल जोडून झाल्यावर ‘पाहोल’ हे साधन तिच्यावर चालते आणि भरपूर मेमरी मागते. तीनपैकी एक करावे: समांतर कामांची संख्या कमी करावी, डीबग माहिती बंद करावी, किंवा प्रशासकाकडून तात्पुरती स्वॅप घ्यावी. झेड/व्हीएममध्ये मेमरीतलीच व्हर्च्युअल डिस्क स्वॅप म्हणून देता येते.

कंपायलर थांबतो तेव्हा

या यंत्राचा स्वभाव इथे सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून थोडे थांबून पाहू.

इंटेलच्या यंत्रावर ड्रायव्हर डिव्हाइसशी बोलतो तो मेमरीच्या पत्त्यांतून. डिव्हाइसचे रजिस्टर पत्त्यांच्या अवकाशात बसवायचे आणि तिथे वाचायचे-लिहायचे. मेनफ्रेमची परंपरा निराळी आहे. इथे चॅनल असतात. प्रोसेसर चॅनल आदेशांची साखळी तयार करतो, ती चॅनल यंत्रणेच्या हवाली करतो आणि आपल्या कामाला लागतो. मेमरीत बसवलेली रजिस्टरे या रचनेत नाहीतच. पीसीआय कार्डे इथे फार उशिरा आली. २०१२ च्या झेडईसी१२ यंत्राबरोबर ती आली आणि लिनक्समध्ये त्यांचा आधार कर्नल ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून मिळाला.

याचा बिल्डवर परिणाम असा. पीसीआय बंद ठेवून एस३९०चा कर्नल बिल्ड केला, तर ‘आयओरिमॅप’ जातीची फंक्शने मुळात उपलब्धच नसतात. मोबाइलच्या चिपसाठी लिहिलेला एखादा छोटा ड्रायव्हर, ज्याचा मेनफ्रेमशी काडीचा संबंध नाही, तोही ‘सगळी मॉड्यूले’ या कॉन्फिगमध्ये ओढला जातो. मग लिंकर सांगतो की ‘डेव्हएम_आयओरिमॅप_रिसोर्स’चा पत्ता लागत नाही. नवखा माणूस हरवलेले फंक्शन शोधत बसतो, कधी रिकामे फंक्शन लिहून वेळ मारून नेतो. खरी चूक त्या ड्रायव्हरच्या केकॉन्फिग फाइलीत असते. ‘हा ड्रायव्हर हॅज_आयओमेम असेल तरच’ ही एक ओळ लिहायची राहिलेली असते. ती घातली की ड्रायव्हर एस३९०च्या यादीतून आपोआप बाजूला होतो आणि बिल्ड पुढे सरकते. लेखकाने आपल्या इंटेल यंत्रावर तपासले तेव्हा हे कळण्याची सोयच नव्हती, कारण तिथे आयओमेम नेहमीच असते.

पोर्टचीही हीच कथा. जुन्या पीसीमधली ‘इनबी’ आणि ‘आउटबी’ ही फंक्शने ज्यावर चालतात, ते इनपुट-आउटपुट पोर्ट मेनफ्रेमवर कधीच नव्हते. त्यासाठी अलीकडच्या कर्नलांत ‘हॅज_आयओपोर्ट’ हा वेगळा पर्याय आला आहे. बाहेरून आणलेला जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर ‘इनबी’पाशी अडला, तर तो कोड एस३९०वर मुळात हवाच का, हे आधी विचारावे.

पीसीआय चालू असले तरी एक धोका उरतो. एस३९०वर पीसीआय कार्डाचे वाचन-लेखन खास सूचनांनी होते. ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’ या फंक्शनांच्या पोटात त्या सूचना आहेत. काही ड्रायव्हर आयओरिमॅपने दिलेला पत्ता साधा पॉइंटर समजून थेट वाचतात. इंटेलवर हे खपून जाते, इथे कर्नल कोसळतो. कंपायलर अशा ठिकाणी अडवत नाही, ‘स्पार्स’ हे साधन मात्र पकडते. ‘मेक’ला ‘सी=२’ दिले की ते चालते. बाहेरचा ड्रायव्हर आणताना एवढे तरी करावेच.

लिंकरच्या दोन तक्रारी

पहिली तक्रार असते सिम्बॉलचा पत्ता विषम असल्याची. एस३९०ची ‘लार्ल’ ही सूचना अंतर दोन-दोन बाइटांत मोजते, त्यामुळे तिला विषम पत्त्यावरची वस्तू दाखवता येत नाही. असेंब्लीत किंवा लिंकरच्या स्क्रिप्टमध्ये अलाइनमेंट नीट दिली की हे मिटते.

दुसरी बाहेरच्या मॉड्यूलांची. स्पेक्टर या दोषावरचा एस३९०चा उपाय ‘एक्सपोलाइन’ या नावाने ओळखला जातो. काही कॉन्फिगमध्ये त्यासाठीची ऑब्जेक्ट फाइल प्रत्येक मॉड्यूलला जोडावी लागते. हेडरच्या पॅकेजात ती आली नसेल, तर तुमच्या कोडमध्ये कसलीही चूक नसताना लिंकर थांबतो. कर्नलच्या स्रोतात ‘मॉड्यूल्स_प्रिपेअर’ चालवले की ती फाइल तयार होते.

दुसऱ्या यंत्रावर बिल्ड करून आणलेला कर्नल

मेनफ्रेमच्या प्रोसेसरचा वेळ महाग असतो, म्हणून लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर चालवणे शहाणपणाचे आहे. डेबियन आणि उबुंटूत तो तयार पॅकेजात मिळतो. कर्नल आणि सोबतची मॉड्यूले अशी उत्तम बनतात.

घोळ होतो पुढच्या पायरीला. लॅपटॉपवरचे सगळे बिल्डचे झाड उचलून मेनफ्रेमवर ठेवायचे आणि तिथे बाहेरचा ड्रायव्हर बिल्ड करायचा, असा बेत केला की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. कर्नल एस३९०चा असला तरी बिल्डला मदत करणारे ‘मॉडपोस्ट’ आणि ‘फिक्सडेप’सारखे छोटे प्रोग्रॅम लॅपटॉपसाठी बनलेले असतात, आणि इंटेलचा प्रोग्रॅम मेनफ्रेमवर चालणार नाही. मेनफ्रेमवर ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ चालवून ते पुन्हा बनवावेत. नुसत्या मॉड्यूल्स_प्रिपेअरने ‘मॉड्यूल.सिमव्हर्स’ ही फाइल तयार होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ती पूर्ण बिल्डमधूनच मिळते, म्हणून लॅपटॉपवरची तीच फाइल सोबत आणावी.

मॉड्यूल बनले, पण लोड होत नाही

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ एवढेच टर्मिनलवर दिसते. त्यावर विचार करत बसू नका, ‘डीमेसेज’ पाहा. तिथे दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात: मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बनले आणि चालू कर्नल कोणता. बऱ्याचदा फरक असतो फक्त शेवटच्या अधिक चिन्हाचा. गिटच्या झाडात तुमचे काही बदल असले, की बिल्ड स्वतःहून आवृत्तीला ते चिन्ह जोडते. ‘लोकलव्हर्जन’ रिकामे देऊन बिल्ड केले की ते जाते का, हे आधी पाहावे.

‘मॉड्यूल_लेआउट’च्या आवृत्तीवर मतभेद असल्याचा संदेश आला, तर कर्नलची कॉन्फिग किंवा सिमव्हर्सची फाइल वेगळी आहे. इथे जबरदस्तीने मॉड्यूल लोड करण्याचा पर्याय असतो. तो वापरू नये. बँकेच्या डेटाशेजारी बसणाऱ्या कर्नलमध्ये रचना न जुळणारे मॉड्यूल घुसवणे हा बेजबाबदारपणा आहे.

मेनफ्रेमवरच्या लिनक्सच्या पहिल्या वर्षांत हा प्रश्न फारच जाचक होता. त्या काळी आयबीएमचे काही नेटवर्क ड्रायव्हर फक्त ऑब्जेक्ट कोडच्या रूपात मिळत. ते ज्या कर्नलसाठी बनले तोच कर्नल चालवावा लागे. कर्नलमध्ये साधी दुरुस्ती केली तरी नेटवर्क जाण्याची भीती. पुढे ते ड्रायव्हर खुले झाले आणि कर्नलच्या मुख्य झाडात आले. ड्रायव्हर मुख्य झाडात असण्याचे मोल मेनफ्रेमच्या लोकांना म्हणूनच इतरांपेक्षा जास्त कळते.

झेड१५ पासून या यंत्रांत सुरक्षित बूटची सोय आहे. ती चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते. बिल्डमध्ये दोष शोधू नका, मॉड्यूलवर मान्य किल्लीने सही करा.

लोड झाले, पण आकडे भलतेच

एस३९०एक्स ‘बिग-एंडियन’ आहे. संख्येतला सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट मेमरीत आधी बसतो. इंटेल याच्या उलट, आणि बहुतेक पीसीआय कार्डेही इंटेलच्या रीतीने बोलतात.

एक उदाहरण घेऊ. इथरनेटच्या कार्डाने कळवले की आलेल्या पॅकेटची लांबी १५०० बाइट आहे. हेक्समध्ये हा आकडा ०५ डीसी. कार्ड तो चार बाइटांत लिहिते: डीसी, ०५, ००, ००. ड्रायव्हरने बाइट न फिरवता तो आहे तसा उचलला, तर मेनफ्रेम वाचतो डीसी०५००००, म्हणजे ३,६९,१३,१५,२००. दीड हजार बाइटांच्या पॅकेटसाठी ड्रायव्हर साडेतीन अब्जांहून अधिक बाइट मागायला निघतो. मेमरी मिळत नाही, ड्रायव्हर पॅकेट टाकून देतो, आणि बाहेरून एवढेच दिसते की कार्ड चालू आहे पण पिंगला उत्तर नाही. असा अवाढव्य आकडा लॉगमध्ये दिसला की तो हेक्समध्ये लिहून पाहावा. बाइट उलटे लावल्यावर समजण्यासारखा आकडा निघाला, तर रोग सापडला. औषध ‘एलई३२_टू_सीपीयू’ आणि त्याची भावंडे.

याहून फसवी जागा बिटमॅपची. कर्नलमधली बिट तपासणारी फंक्शने ‘अनसाइन्ड लाँग’वर, म्हणजे इथे ६४ बिटांवर चालतात. एखादा ड्रायव्हर ३२ बिटांचे चल जबरदस्तीने त्यांच्या हाती देतो. इंटेलवर खालचे बिट आधी असल्याने उत्तर बरोबर येते. एस३९०एक्सवर शून्य क्रमांकाचा बिट पुढच्या चार बाइटांत सापडतो, म्हणजे भलत्याच चलात. कंपायलर गप्प, लोड निर्विघ्न, आणि चूक कधी दिसते तर कधी नाही. बिटफील्ड वापरलेल्या रचनांतही बिटांचा क्रम उलटतो. ड्रायव्हर आणल्यावर अशा ठिकाणी ‘कास्ट’ शोधून काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

झिपल चालवायचे राहून जाते

कर्नल ‘बूट’ डिरेक्टरीत ठेवला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि जुनाच कर्नल उठला. इंटेलकडून आलेल्या प्रत्येकाची हीच पहिली तक्रार असते. ‘झिपल’ हा इथला बूटलोडर फाइलसिस्टिम वाचत नाही. चालवला त्या क्षणी कर्नल आणि इनिट-रॅमडिस्क डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांवर आहेत, ते तो लिहून ठेवतो. पाहुण्याने घराचा पत्ता टिपून घेतला आणि यजमानाने घर बदलले, तसे होते. म्हणून कर्नल बदला किंवा रॅमडिस्क पुन्हा बनवा, झिपल चालवलाच पाहिजे. जुनी फाइल पुसून तिच्या ब्लॉकांवर दुसरे काही लिहिले गेले असेल, तर यंत्र उठणारही नाही.

वितरणाचे पॅकेज बसवताना हे आपोआप होते, हाताने ठेवलेल्या कर्नलला ते होत नाही. सुसे १२ पासून वेगळी व्यवस्था आहे: झिपल आधी एक छोटा कर्नल उठवतो आणि तो ग्रब २ चालवतो. तिथे ग्रबची कॉन्फिग ताजी करावी लागते. कुठल्याही व्यवस्थेत जुना, चालणारा कर्नल मेनूत ठेवावा, आणि नवा दोन-चार वेळा नीट उठल्याशिवाय तो काढू नये.

यंत्र उठतच नाही

झेड/व्हीएमच्या कन्सोलवर ‘एचसीपीजीआयआर४५०डब्ल्यू’ हा संदेश आणि ‘डिसेबल्ड वेट पीएसडब्ल्यू’ दिसले, तर कर्नलने स्वतःला थांबवले आहे. त्या ओळीतला शेवटचा पत्ता टिपून ठेवा. ‘सिस्टिम.मॅप’ फाइलीत तो शोधला की कर्नल कोणत्या फंक्शनमध्ये थांबला ते कळते. कर्नल ५.२ पासून एस३९०वरही पत्ते दर बूटला सरकवण्याची सोय आहे, म्हणून तपास करताना ‘नोकेएएसएलआर’ द्यावे.

पडद्यावर प्रोसेसर पुरेसा नवा नसल्याची तक्रार आणि यंत्राचा प्रकार-क्रमांक आला, तर दोष कॉन्फिगमधल्या ‘मार्च’ पर्यायात आहे. झेड१५साठी बिल्ड केलेला कर्नल झेड१३वर चालत नाही. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला किमान झेड१४ लागते, तेही याच कारणाने. माझा आग्रह आहे की मार्च निवडताना फक्त समोरच्या यंत्राचा विचार करू नये. आपत्तीच्या वेळी काम जिथे हलवायचे, त्या दुसऱ्या केंद्रातले यंत्र पुष्कळदा जुन्या पिढीचे असते. सर्वांत जुन्या यंत्रासाठी मार्च ठेवावा आणि वेगासाठी ‘ट्यून’ नव्या यंत्राचे द्यावे.

काही वेळा कर्नल ठणठणीत असतो आणि अडलेला असतो फक्त पडदा. ३२७० टर्मिनलच्या उजव्या कोपऱ्यात ‘मोअर’ दिसले तर पडदा पुसेपर्यंत किंवा ठरलेला वेळ सरेपर्यंत पुढचे आउटपुट थांबते. ‘होल्डिंग’ दिसले तर तुम्ही पडदा पुसल्याशिवाय हलत नाही. ‘सीपी रीड’ असेल तर गेस्टच थांबला आहे, ‘बिगिन’ द्यावे लागते. नवा कर्नल तपासण्याआधी ‘सेट रन ऑन’ करा आणि कन्सोल स्पूल करायला लावा. सुरुवातीचे संदेश मग हातचे जात नाहीत.

ड्रायव्हर आहे, डिव्हाइस नाही

मोठ्या यंत्रावर हजारो डिव्हाइस असू शकतात. बूटच्या वेळी ती सगळी धुंडाळू नयेत म्हणून वितरणे ‘सीआयओ_इग्नोर’ हा पर्याय लावून जवळपास सगळीच दुर्लक्षित ठेवतात. ड्रायव्हर कितीही बरोबर असला तरी यादीत अडकलेले डिव्हाइस त्याला दिसणार नाही. ते यादीतून सोडवावे, मग ‘सीएचझेडडेव्ह’ने चालू करावे. ओएसए नेटवर्क कार्डाला तीन डिव्हाइस क्रमांक लागतात: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि डेटाचा. तिन्ही सोडवल्याशिवाय कार्ड उभे राहत नाही. रूट डिस्कच दिसत नसेल, तर रॅमडिस्कमध्ये डीएएसडीचे, म्हणजे मेनफ्रेमच्या डिस्कचे, मॉड्यूल आहे का ते पाहावे.

ड्रायव्हर आतून काय करतो आहे हे पाहायला ‘एस३९०डीबीएफ’ हा खास लॉग आहे. तो डीबगच्या फाइलसिस्टिमखाली सापडतो आणि डीएएसडी, क्यूइथ, झेडएफसीपी या ड्रायव्हरांच्या नोंदी त्यात वेगवेगळ्या असतात. मदत मागण्यापूर्वी ‘एस३९०-टूल्स’मधली ‘डीबीजीइन्फो’ ही स्क्रिप्ट चालवावी. लागणारी बहुतेक माहिती ती एकाच गठ्ठ्यात गोळा करते.

हाताशी मेनफ्रेम नसेल तर

विद्यार्थ्यांसाठी क्यूइम्यू हा एम्युलेटर पुरेसा आहे. साध्या लॅपटॉपवर तो एस३९०एक्सचे यंत्र उभे करतो, कर्नलची प्रतिमा थेट त्याला देता येते आणि बाइटांच्या क्रमाच्या चुका तिथेही तितक्याच उघड्या पडतात. खऱ्या चॅनलवरची ३३९० डिस्क मात्र तो देत नाही. त्यासाठी हर्क्युलिस हा जुना, मुक्त एम्युलेटर वापरावा.

आणि एक विनंती. ड्रायव्हरच्या केकॉन्फिगमध्ये राहिलेली एक ओळ किंवा न फिरवलेला एक बाइट तुम्हाला सापडला, तर त्याचा पॅच कंपनीच्या अंतर्गत झाडात पडून राहू देऊ नका. वरिष्ठांची परवानगी घ्या, कारण चार ओळींत लिहा आणि तो त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरकडे पाठवा. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे तपासायला मेनफ्रेम नसतो, तुमच्याकडे आहे.